पंचेचाळीस केजीचा बॉयलर

साखर कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांना बॉयलर हाऊसमध्ये नेलं की एक प्रसंग हमखास घडायचा. अटेंडंट अभिमानाने सांगायचा, "हा आपला पंचेचाळीस केजीचा बॉयलर." पाहुणे मान मागे टाकून ते पाच-सहा मजली धूड खालपासून वरपर्यंत बघायचे आणि गप्प व्हायचे. गप्प न बसणारा एकच भेटला, आमचाच एक ऊसवाला सभासद. तो म्हणाला, "पंचेचाळीस? आमचं बोकड भरतंय की ओ तेवढं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. केजी म्हणजे किलो आणि किलो म्हणजे वजन, हे त्याला वजनकाट्यावर ऊस घालून घालून पाठ झालेलं. बॉयलर हाऊसमध्ये मात्र केजी म्हणजे दाब. दर चौरस सेंटीमीटरवर ४५ किलोचा भार पडावा एवढ्या जोराने आतली वाफ भिंतींना रेटत असते. यातलं 'दर चौरस सेंटीमीटर' निविदेत असतं, नकाशात असतं, तोंडात मात्र नसतं. एवढं लांबण कोण लावणार? सहवीज प्रकल्प आल्यापासून ६७ केजी, ८७ केजी, ११० केजी अशी चढती भाजणीच लागली. "त्यांचा एकशे दहाचा आहे म्हणे," हे शेजारच्या कारखान्याबद्दलचं वाक्य ज्या सुरात उच्चारलं जातं, तो सूर मी एरवी फक्त लग्नाच्या बैठकीत, मुलाच्या पगाराचा विषय निघाल्यावर ऐकलाय.

माझं खातं इन्स्ट्रुमेंटचं. म्हणजे बाकीचे साखर करायचे आणि आम्ही काटे बघायचो. काटे बघता बघता लक्षात आलं, की एकाच कुंपणाच्या आत दाबाच्या निदान अर्धा डझन बोलीभाषा सुखाने नांदतायत. बॉयलरवाल्यांचा केजी. जुन्या मिल फिटरांचा पौंड, म्हणजे पीएसआय. एक्झॉस्ट वाफ त्यांच्या लेखी कायम 'पंधरा पौंडावर'. टर्बाइनच्या वंगणाच्या तेलाचा दाब बारमध्ये, कारण ते यंत्रच तशी तबकडी लावून आलेलं. पॅन हाऊसवर पाऱ्याचे इंच. प्रयोगशाळेत तेच मिलिमीटर. आणि भट्टीतला ड्राफ्ट पाण्याच्या मिलिमीटरमध्ये. राख आणि धूर बाहेर फेकला जाऊ नये म्हणून भट्टीत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब ठेवतात. काटा म्हणतो, उणे पाच.

या उणे पाचाची आणि त्या पंचेचाळीसची कधी गाठ घालून बघावी. एक केजी दाब म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ. म्हणजे ४५ केजी झाले साडेचारशे मीटर, मिलिमीटर करा, साडेचार लाख. बॉयलरच्या नळीच्या आत साडेचार लाख आणि त्याच नळीच्या बाहेर, भट्टीच्या बाजूला, उणे पाच. मध्ये काही मिलिमीटर जाडीचं पोलाद. ही माहिती मी फायरमनला एकदा उत्साहाने दिली. त्याने नळीकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, रात्रपाळीला असलं काय सांगू नका."

इतक्या बोली, पण घोटाळा कधी झाला नाही, कारण प्रत्येकाला आपला आकडा ठाऊक होता आणि दुसऱ्याच्या आकड्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पॅनमन अण्णांचंच घ्या. व्हॅक्यूम पॅन म्हणजे झाकणबंद अजस्र काहील. आतली हवा खेचून घेतली की रस साठ-पासष्ट अंशांवरच उकळतो, साखर करपत नाही, काळवंडत नाही. हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने १८१३ साली याचं पेटंट घेतलं आणि जगातली साखर जास्त पांढरी व्हायला लागली. या पॅनवरचा इंचांचा जुना गेज खराब झाला म्हणून आम्ही मिलिमीटरचा नवा बसवला. इंचांना २५.४ ने गुणायचं, एवढंच. तक्ता करून भिंतीला चिकटवला. अण्णांनी तक्त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाळीभर पॅन चालवला, प्रूफ स्टिक ओढून चिकट पाकाचा थेंब काचपट्टीवर घेतला, दिव्यासमोर धरून दाणा बघितला, अंगठ्याने चोळला, आणि मनासारखा दाणा पडला त्या क्षणी काटा जिथे होता तिथे गेजच्या काचेवर ऑइलपेंटने लाल रेघ मारली. "हितं ठेवायचा." अण्णांना आकडा नको होता, जागा हवी होती. तक्ता पुढे वाफेने गळून पडला. रेघ अजून असेल.

तक्त्यांचा हिशेब तसा सोपाच. एका केजीचे १४.२२ पीएसआय, एका बारचे १४.५०. फिटर मंडळी १४ ने गुणून मोकळी होतात आणि केजी व बार यांना सख्खी जुळी भावंडं समजतात. दोघांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक. दोन टक्के काय, दूधवालाही मारतो. पण चढत्या भाजणीत या दोन टक्क्यांचा आकडा मोठा होत जातो. ४५ केजीचे ४४.१ बार होतात, ११० केजीचे १०७.९. सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उडतो हे बघायला बॉयलर इन्स्पेक्टर आले की त्यांच्यापुढे जुळी भावंडं चालत नाहीत, जन्मवेळेसकट पत्रिका लागते.

आता केजीच्या पत्रिकेतही एक ग्रह वक्री आहे. गेज तपासायचं आमचं यंत्र म्हणजे डेड वेट टेस्टर. तेलावर उभा असलेला बारीक पिस्टन, त्याच्या डोक्यावर एकावर एक ठेवायच्या लोखंडी चकत्या. चकत्या बोटाने हळूच फिरत्या ठेवायच्या, म्हणजे पिस्टन घर्षणाने अडून बसत नाही. दुसऱ्या टोकाला लावलेल्या गेजने चकत्यांवर कोरलेला आकडा दाखवला, की गेज पास. इतकं निर्मळ, इतकं प्रामाणिक यंत्र दुसरं नाही असं मला वाटायचं. मग कधीतरी त्याच्या प्रमाणपत्रातली बारीक अक्षरं वाचली. किलोचा भार ठरतो गुरुत्वाकर्षणावर, आणि त्याचा प्रमाण आकडा ९.८०६६५ असा १९०१ साली पॅरिसच्या परिषदेत ठरलेला. आपण विषुववृत्ताकडचे, त्यात घाटावर राहणारे. आपल्याकडे पृथ्वी थोडी कमी ओढते. कोल्हापुरात तो आकडा ९.७८ च्या आसपास. म्हणजे ४५ च्या चकत्या इथे प्रत्यक्षात ४४.९ च भरतात. वजनकाट्यात मापारी मारतो अशी तक्रार आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांची आहे, पण हजारात दोन-अडीच खुद्द पृथ्वीच मारते हे तक्रारदारांना कोणी सांगितलेलं नाही. सांगूही नये.

या भानगडीतून सुटायला शास्त्रज्ञांनी पास्कल काढला. १९७१ साली त्याचं रीतसर बारसं झालं. यात किलोचा भार नाही, पारा नाही, पाणी नाही; न्यूटन आणि चौरस मीटर, बस्स. दोष एकच, तो फार लहान आहे. छपाईचा नेहमीचा कागद टेबलावर पसरला की टेबलावर साधारण पाऊण पास्कल दाब पडतो. बॉयलरचा दाब यात सांगायचा तर कागद कमी पडेल. इंग्रजी बोलणाऱ्यांना म्हणून किलो, मेगा अशा कुबड्या जोडाव्या लागल्या. हवामानवाल्यांना तर आपला लाडका मिलिबार सोडवेना. त्यांनी हेक्टो हा अडगळीतला उपसर्ग शोधून काढला, कारण एक हेक्टोपास्कल बरोबर एक मिलिबार होतो. नाव नवं, आकडे तेच. हजार आठ काल मिलिबार होते, आज हेक्टोपास्कल. बदलाला विरोध न करता तो जिरवायचा कसा, हे हवामान खात्यांकडून शिकावं.

आपली मात्र इथे सोय आहे. एक बार म्हणजे बरोबर एक लाख पास्कल. लाख हा आपला घरचा आकडा. समुद्रकाठी आपल्या अंगावर हवेचा दाब लाखावर थोडा, १,०१,३२५. घाट चढून कोल्हापुरात आलं की लाख काही पुरे होत नाहीत. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आल्यावर हवा उरते पंचाण्णव हजारांच्या आतबाहेर. पाऱ्यात मोजली तर ७६० मिलिमीटरच्या जागी ७१०, आणि इंचांत ३० च्या जागी २८. हे दोन इंच वाचकांनी जरा ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचा शोध घ्यायचा आहे.

डोंगर चढला की हवेचा दाब उतरतो हे ज्याने पहिल्यांदा पाऱ्याने मोजून दाखवलं, त्याच्या नावाने कुठलंही एकक नाही. एकक ज्याच्या नावाचं, त्या पास्कलला शंका होती, की टॉरिचेल्ली नावाच्या शास्त्रज्ञाच्या नळीत पारा उभा राहतो तो हवेच्या ओझ्याने. मग उंचावर ओझं कमी, पारा खाली यायला हवा. पण पास्कल पॅरिसात, तब्येतीने तोळामासा, आणि डोंगर फ्रान्सच्या मध्यभागी. त्याची थोरली बहीण त्या डोंगराजवळच्या क्लेरमाँत दिलेली. त्याने तिच्या नवऱ्याला पत्र लिहिलं. १९ सप्टेंबर १६४८ या दिवशी हे फ्लोराँ पेरिये, आपल्या भाषेत दाजी, पारा आणि काचेच्या नळ्या घेऊन प्यूइ द दोम चढले. एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एक पाद्रीबुवा बसवले. माथ्यावर पारा तीन इंचांहून जास्त खाली आला होता. हे इंच त्या काळचे फ्रेंच, इंग्रजी इंचापेक्षा अंगाने थोडे मोठे. आजच्या मापात साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास. दाजींनी माथ्यावर वेगवेगळ्या जागी, आडोशाला आणि उघड्यावर, पुन्हा पुन्हा मोजलं. खालच्या पाद्रीबुवांचा पारा जागचा हलला नव्हता. मेव्हण्याच्या शब्दाखातर पारा घेऊन डोंगर चढायचा आणि नाव मेव्हण्याचं व्हायचं! पेरिये हे एकक असतं तर निदान सासुरवाडीच्या कामांना थोडी प्रतिष्ठा आली असती.

दाजींचा हा उद्योग आज प्रत्येक विमानात चालतो. विमानाचा उंचीचा काटा म्हणजे दाब मोजणारं यंत्रच, आणि खालचा दाब किती धरायचा ते जमिनीवरून सांगतात. भारतात तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. ९९२ हा हेक्टोपास्कलमधला आकडा, २९.९२ हा इंचांतला. रेडिओवर दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ९९२ च्या जागी २९.९२ लावला तर काटा सुमारे ६०० फूट जास्त उंची दाखवतो, म्हणजे विमान वैमानिकाला वाटतं त्याहून तेवढं खाली असतं. या बाबतीत विनोद मला सुचत नाही.

दाबाच्या हिशेबात खरी मेख मात्र गुणाकाराची नसते. १४ ने गुणा की १४.२२ ने, चूक झाली तर दिसते. विचारायचं असतं ते, शून्य कुठलं? १८४९ साली बूर्दों नावाच्या फ्रेंच कारागिराने गेजची जी नळी शोधली, तीच आजही बहुतेक गेजच्या पोटात आहे. मागचं झाकण काढून बघा. अर्धगोल वाकवलेली चपटी पितळी नळी, एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. आत दाब आला की ती किंचित सरळ व्हायला बघते, मोकळं टोक दातेरी पट्टीला ओढतं आणि काटा फिरतो. पण नळीच्या बाहेरही हवा आहेच, तीही नळीला चहूकडून दाबते. गेज दाखवतो तो आतल्या-बाहेरच्यातला फरक. म्हणजे गेजचं शून्य हे शून्य नाही, ते आजूबाजूच्या हवेएवढं आहे. टायर पंक्चर झाला की आपण म्हणतो हवा गेली. गेलेली नसते ती, फक्त बाहेरच्या एवढी होऊन बसलेली असते. पंपावरचा पोरगा "बत्तीस टाकू?" विचारतो तेव्हा चाकात आधीचे चौदाएक पीएसआय फुकटात असतात, त्यांचा उल्लेखही होत नाही. खरं शून्य धरून मोजणारे टर्बाइनवाले आकड्यापुढे 'एटीए' लावतात, आणि त्यांचा दाब बॉयलरवाल्यांपेक्षा जवळपास एकाने जास्त दिसतो. यावरून पाळीपाळीत वाद व्हायचे आणि दोन्ही बाजू कायम बरोबर असायच्या.

डॉक्टरांचंही तेच. बीपी १२०, म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर १२०. कोल्हापुरातले ७१० मिळवले तर रोहिणीत ८३० झाले, आणि कोणीही सरळ दवाखान्यात भरती करून घेईल. गंमत अशी, की पारा विषारी म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची बीपी यंत्रं हळूहळू जगभरातून चाललीत. दंडाला गुंडाळायच्या नव्या यंत्राने पारा जन्मात बघितलेला नाही, तरी ते आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच देतं. १२० ला खरं म्हणजे १६ किलोपास्कल म्हणता येईल, पण सोळा ऐकून कोणाचं डोकं जड होणार? फ्रेंच डॉक्टर याहून पुढचे. ते सेंटीमीटर बोलतात, बारा-आठ. आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे लियोंला गेल्या होत्या. तिथे तपासून डॉक्टर म्हणाले, चौदा-नऊ, थोडं जास्त आहे. काकूंनी रात्री मैत्रिणीला फोन लावला, "अगं, दीडशेवरून एकदम चौदावर आलंय. इथली हवाच चांगली!" आणि मग काळजीने, "गोळ्या बंद करू का गं?"

राहिले ते दोन इंच. आमचे एक संचालक दक्षिण गुजरातेतला, समुद्रकाठच्या सपाटीवरचा एक कारखाना बघून आले. तिथे पॅनवर २७ इंच व्हॅक्यूम. आमच्याकडे २५. आल्या आल्या बैठक. "आपले दोन इंच कुठं गळतात?" व्हॅक्यूम कमी म्हणजे कुठूनतरी हवा आत येत असणार, हे त्यांना कोणीतरी बरोबर सांगितलं होतं. मग पॅनभोवती मेणबत्त्या फिरल्या. जोडाच्या फटीजवळ ज्योत आत ओढली गेली तर तिथे गळती, ही जुनी रीत. ज्योती सगळीकडे ताठ. चीफ केमिस्टांनी समजावून सांगितलं, साहेब, व्हॅक्यूमही बाहेरच्या हवेपासूनच मोजतात. त्यांच्याकडे बाहेरच हवा ३० इंच, आपल्याकडे २८. त्यांनी २७ काढून आत ३ ठेवले, आपण २५ काढून आत ३ च ठेवले. दोघांचा पाक एकाच तापमानाला उकळतो. दोन इंच गळाले नाहीत, घाट चढताना खालीच राहिले.

संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडं हवा कमी पडती. तर कॉम्प्रेसर हाय की आपला, भरा!"

पुढच्या हंगामात पॅनवर डिजिटल गेज आले. त्यांना एक बटण असतं. दाबत राहिलं की तोच दाब केजीत, बारमध्ये, पीएसआयमध्ये, इंचांत, मिलिमीटरमध्ये दिसतो. आमच्या खात्यातला नवा पोरगा हुशार. आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी तो बटण दाबत बसला आणि पास्कलवर थांबला. बैठकीत चीफ केमिस्टांनी वाचून दाखवलं, "पॅन व्हॅक्यूम, चौऱ्याऐंशी हजार सहाशे साठ." संचालकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, कागदावरचा आकडा स्वतः बघितला. चेहरा खुलला. चहा सांगितला.

"झकास," ते म्हणाले. "एवढं आणलंयच, तर हंगाम संपायच्या आत लाख करून टाका."